पगारी शिपायाची बखर

गेल्या अंकात आमच्या वाचनालयाच्या गळक्या कपाटाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. भिजलेल्या पुस्तकांत 'द ब्लॅक कंपनी' ही इंग्रजी कादंबरी होती, ती पंख्याखाली पान पान सुटं करून वाळवली आणि वाळेपर्यंत तिसऱ्यांदा वाचून झाली, एवढंच. त्या वाक्यावर सतरा पत्रं आली. गळक्या कपाटावर एकही नाही. संपादकबाई म्हणाल्या, सुभेदार, या वेळचं सदर त्या पुस्तकालाच देऊन टाका. दिलं.

प्रश्न : सुभेदारसाहेब, मी फँटसी पुष्कळ वाचतो, पण आता वीट आलाय. प्रत्येक कादंबरीत तोच शतकानुशतकं गाडलेला काळा सम्राट, तेच भाकीत, जगाला तारणारं तेच एक अनाथ पोर, तीच शेवटची महालढाई. तुमच्या या पुस्तकात यातलं काही नाही, असं समजू का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नको समजूस. सगळं आहे. मोजून घे.

गाडलेला काळा सम्राट आहे, त्याचं नाव डॉमिनेटर. त्याची बायको आहे, तिला सगळे नुसतं 'लेडी' म्हणतात. दोघंही काही शतकं जमिनीखाली कैद होती. बाई सुटली आणि नवऱ्याला तिथंच ठेवून तिनं राज्य उभारलं. तिच्या हाताखाली दहा महाजादूगार आहेत. एके काळी स्वतंत्र, मोठ्या तोऱ्यातले. त्यांना मोडून गुलाम केलंय, म्हणून त्यांना 'टेकन' म्हणतात, म्हणजे कब्जात घेतलेले. भाकीत आहे, आकाशात धूमकेतू आहे, त्या नवरा-बायकोला पूर्वी गाडणारी 'व्हाइट रोझ' पुन्हा जन्माला येणार म्हणून आस लावून बसलेले बंडखोर आहेत. शिपायांच्या तावडीतून वाचवलेली एक मुकी-बहिरी पोरही आहे. आणि शेवटी राजधानीच्या बुरुजापुढं महालढाई. तू यादी केलीस त्यातली एकही वस्तू ग्लेन कुकनं टाकून दिलेली नाही. पुस्तक 1984चं आहे. हा सगळा मालमसाला तेव्हाही जुनाच होता, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड 1954-55 साली येऊन गेलेले.

मग मी ते तीनदा का वाचलं? सांगणाऱ्यासाठी.

सांगणारा आहे क्रोकर. एका भाडोत्री पलटणीचा वैद्य, आणि वैद्य असूनच तिचा बखरकारही. ब्लॅक कंपनी ही शेकडो वर्षं जुनी पलटण. पैसे देईल त्याच्यासाठी लढते. तिच्या बखरीचे जुने खंड आहेत आणि नवा खंड सध्याच्या बखरकारानं लिहायचा, असा रिवाज. आपण वाचतो तो हाच खंड. आणि ही पलटण करार कुणाशी करते? त्या लेडीशीच. म्हणजे तुझ्या बाकीच्या कादंबऱ्यांत ज्या बाजूचे शिपाई शेकड्यानं मरतात आणि ज्यांना चेहरासुद्धा नसतो, त्या बाजूला.

मी सव्वीस वर्षं पलटणीत क्लार्क होतो, म्हणून मला हे जरा जास्तच झोंबलं. एका उंच पोस्टवर असताना वॉर डायरी माझ्या हातची असायची. अधिकारी सांगणार, मी लिहिणार. एका दिवसाची नोंद अजून डोळ्यांपुढं आहे : रसद पोचली, हवामान खराब, एक खेचर दरीत. पुढं खेचराचा खुरावरचा नंबर. झालं. ते खेचर ज्याच्या ताब्यात होतं तो आमच्याच भागातला पोरगा. त्यानं दोन दिवस लंगराकडं तोंड केलं नाही आणि रिकामा लगाम उशाला घेऊन झोपला, हे डायरीत येत नाही. यायचं कारणही नाही. कुकच्या कादंबरीत वॉर डायरीची ती एक ओळही आहे आणि तो लगामही आहे, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं. क्रोकर लिहितो ते असंच. आज चाल केली. पाऊस. अमुक गेला. पत्त्यांत हरलो.

आपल्याला ही तऱ्हा नवी नाही रे. पानिपतानंतरचं ते सावकारी थाटाचं पत्र आठव : दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. भाऊसाहेब गेले, विश्वासराव गेले, आणि निरोप द्यायचा तर हिशेबाच्या भाषेत. रडणं त्या हिशेबाच्या आत दडपलेलं. क्रोकरची अख्खी बखर त्या सुरात आहे.

तर महालढाई येते तेव्हा काय होतं? जादूगारांची आतषबाजी असते, पण लांबवर. जवळ काय असतं, तर खंदक, मातीचे बांध, बाणांचे संपत आलेले भाते, आणि उभ्या उभ्या डुलक्या घेणारी माणसं. लढाईतला मुख्य अनुभव झोपेचा असतो, हे लिहिणारे लेखक मी फार थोडे पाहिले. भाकिताचंही तेच. धूमकेतू सगळ्यांना दिसतो, अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीचा काढतो, आणि आमच्या कंपनीतल्या लोकांना मुख्य काळजी ही की यामुळं उद्याची चाल लांबणार की काय. भाकीत खरं की खोटं हे मी सांगणार नाही, ती मजा तुझी. एवढंच म्हणतो, लेखकानं भाकिताची थट्टा केलेली नाही. आजकाल बरेच जण 'बघा, मी कसा जुना साचा मोडला' म्हणून मधेच डोळा मारतात. कुक मारत नाही. साचा तसाच ठेवतो आणि त्यात माणसं अशी भरतो, की तो साचा आहे हे तुझ्या लक्षातच राहत नाही.

लिहिणाऱ्याबद्दल दोन शब्द. कुक अमेरिकन नौदलात होता, पुढं सेंट लुईसला जनरल मोटर्सच्या मोटारी जोडायच्या कारखान्यात लागला. तिथलं काम असं की हात चालू, डोकं मोकळं. त्या पाळीत बसून त्यानं कादंबऱ्या लिहिल्या, आणि थोड्याथोडक्या नाहीत. मला वाटतं ते पुस्तकात दिसतं. मुकादमाकडून पगार घेणाऱ्या माणसाला 'वरच्यांचे' बेत जेवढे दिसतात, तेवढेच तो आपल्याला दाखवतो.

प्रश्न : पहिल्या तीस पानांत मला काडीचंही समजलं नाही. कोण कुठला, नकाशा नाही, राज्यांची नावं एकदम अंगावर. माणसांची नावं तर वन-आय, गॉब्लिन, सायलेंट! पुढं वाचू की कपाटात ठेवू? — गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, पन्नास पानं द्या. तुमच्यासारखीच माझीही पहिल्या वेळी गाळण उडाली होती.

तुम्ही बदलीवर नव्या पलटणीत गेलात असं समजा. ट्रकमधून उतरलात, बिस्तरा खाली टाकला. कोणी तुम्हाला बसवून इतिहास सांगत नाही. 'त्या टकल्याकडून ब्लँकेट घे, पण काण्यासमोर त्याचं नाव काढू नको', एवढ्यावर तुमची बोळवण. टकल्या कोण, काणा कोण, दोघांचं का बिनसलं, हे आठवड्याभरात आपसूक कळतं. कुक तुम्हाला असाच ट्रकमधून उतरवतो.

सुरुवातच बघा. बेरिल नावाच्या शहरात कंपनी एका नेभळट राज्यकर्त्याच्या नोकरीत सडतेय. काही जवान एका दारूच्या अड्ड्यावर जाऊन येतात आणि पोट धरून आडवे होतात. विषबाधा. क्रोकर धावपळ करतोय, कोण वाचेल कोण नाही याचा अंदाज बांधतोय. इथं ना तलवार ना ड्रॅगन. आमच्या एका ट्रान्झिट कॅम्पात असाच एकदा रात्रीच्या जेवणानंतर अर्धा कॅम्प ओळीनं संडासापुढं उभा होता. नर्सिंग असिस्टंट एकटा, बादलीत मीठ-साखरेचं पाणी कालवत होता आणि सगळ्यांना आईवरून शिव्या देत होता. क्रोकर पहिल्यांदा भेटला तेव्हा मला तोच आठवला.

आता नावं. ती सगळी टोपणनावं आहेत. कंपनीत भरती होताना माणूस मागचं नाव मागं टाकतो, मागचे गुन्हेही. विचारायचं नाही, असा अलिखित नियम. वन-आय म्हणजे एकडोळ्या, कंपनीचा बुटका म्हातारा जादूगार. गॉब्लिन त्याचा जोडीदार आणि वैरी. दोघं एकमेकांच्या अंगावर जादूनं किडे-साप सोडतात, तिसरा सायलेंट, तो एक अक्षर बोलत नाही. फँटसीतल्या धीरगंभीर, दाढीवाल्या, कोड्यात बोलणाऱ्या जादूगाराचं कुकनं काय केलं ते इथं कळतं. त्याचे दोन रिटायर व्हायला आलेले, भांडकुदळ, पत्त्यांत फसवणारे हवालदार केले. पण वेळ पडते तेव्हा हेच दोघं कामाला येतात, आणि त्यांची ताकद लहान आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. टेकनपुढं ते मुंग्या. मुंगीनं हत्तीपुढं कसं वागावं याचं त्यांचं शहाणपण वाचण्यासारखं आहे.

नावांची आणखी एक गंमत. या जगात जादूगाराचं खरं नाव शत्रूला कळलं तर त्याची ताकद संपते. म्हणून लेडी, लिंपर, सोलकॅचर सगळे टोपणनावांवर जगतात, आणि आपली खरी नावं जिथं जिथं लिहिलेली होती ती पुसत हिंडतात. हाही फँटसीतला जुनाच संकेत. पण ताई, आमची आजी मेली तोपर्यंत तिनं आजोबांचं नाव घेतलं नाही, उखाण्याखेरीज. नावात जीव असतो हे आपल्याला कोणी परदेशी लेखकानं समजावून द्यायला नको. तिसऱ्या खंडात हा धागा कुठं जातो ते बघा, त्या वेळी मी चहा थंड होऊ दिला होता.

प्रश्न : आपण ज्या कादंबरीची शिफारस करता तिचे नायक दुष्टांच्या पदरी पगारी नोकर आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती असे वाङ्मय देणे उचित आहे काय? — निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी सावरून बसलो.

आधी विद्यार्थ्यांचं. शाळेतल्या पोरांच्या हाती देऊ नका. पुस्तकात खून, लूट, बायकांवरचे अत्याचार या गोष्टी आहेत. त्या चवीनं रंगवलेल्या नाहीत, बऱ्याच तर एका वाक्यात उरकलेल्या आहेत, पण आहेत. कॉलेजात गेल्यावर वाचू दे. पाचव्या का सहाव्या पत्रात एका वडिलांनी तेरा वर्षांच्या मुलाबद्दल हेच विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर.

आता नायक दुष्टांचे नोकर, याबद्दल. भाडोत्री फौजा हा काही कुकच्या डोक्यातला खेळ नाही. चौदाव्या शतकात इटलीत अशा 'फ्री कंपन्या' खरोखर फिरत होत्या. जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज अशाच एका कंपनीचा म्होरक्या. आज या शहराकडून, उद्या त्या शहराकडून. शेवटी फ्लॉरेन्सनं त्याला इतकं डोक्यावर घेतलं, की तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीवर 1436 साली पाओलो उच्चेल्लोनं काढलेलं त्याचं घोड्यावरचं चित्र आजही आहे. आपल्याकडंही गारदी होते. इब्राहिमखान गारदी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्यापायी हाल होऊन मेला. आणि बारा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात थकलेल्या पगारासाठी घुसलेले आणि नारायणरावांना मारणारे, तेही गारदीच. एकच शब्द, दोन्ही बाजूंनी वाचता येतो. कुकच्या कंपनीत दोन्ही आहेत, कधी कधी एकाच माणसात.

बंडखोरांचं म्हणाल तर त्यांच्या ध्वजावर चांगली वचनं आहेत. पण क्रोकर जखमा बांधता बांधता बघतो, की त्यांचे पुढारीही गावं जाळतात, एकमेकांचे पाय ओढतात. रोझेस नावाच्या शहरातला एक प्रसंग सांगतो. बंडखोरांचा रेकर नावाचा मोठा पुढारी हवाय. कंपनी त्याच्या मागं धावत नाही. भर चौकात पैशांचा ढीग लावते, वर जादूचं आवरण घालते. पैसा सगळ्यांना दिसतो, हात कोणालाच लावता येत नाही. रेकरचं डोकं आणा, घेऊन जा. रोज लोक येऊन ढिगाकडं बघून जातात. बस्स, कंपनी पत्ते खेळत बसते. मग रेकरच्या आसपासच्या माणसांच्या नजरा कशा बदलतात, हे ओळखायला तुम्हाला कादंबरीची गरज नाही, ग्रामपंचायतीची एक निवडणूक पुरे.

'चांगलं-वाईट काही नसतं' असं हे पुस्तक सांगतं, असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. क्रोकरला चांगलं-वाईट चांगलंच कळतं, म्हणून तर त्याला झोप लागत नाही. तो एका ठिकाणी वाचकाला सरळ सांगून टाकतो, की आपल्या भावांची कृत्यं लिहिताना आपण बरंच सौम्य केलंय. हे वाचल्यावर मागची सगळी पानं पुन्हा चाळावीशी वाटतात, काय काय गाळलं असेल म्हणून. मीही वॉर डायरीत गाळलेलं आहे, गुरुजी. सांगितलं ते लिहिलं.

आणि खरं नीतीचं प्रकरण पाहिजे तर दुसरा खंड वाचा, 'शॅडोज लिंगर', तोही 1984चाच. मला तो पहिल्यापेक्षा सरस वाटतो. जुनिपर नावाच्या थंड, भिकार बंदरात मॅरन शेड हा एक भित्रा खानावळवाला आहे. म्हातारी आई, डोक्यावर कर्ज, सावकाराची माणसं दारात. त्या गावात मेलेल्यांना जपून तळघरांत ठेवायची रीत आहे. गावाबाहेर एक काळा किल्ला हळूहळू वाढतोय, आणि तिथं प्रेतं विकत घेतात. शेड पहिलं प्रेत विकतो ते थंडीत सरपण नाही म्हणून, कर्जाचा हप्ता म्हणून. दुसरं जरा सोपं जातं. पुढं प्रेत हाती लागायची वाट बघायचं कारण उरत नाही. काळा सम्राट परत येणार, हे फँटसीतलं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं संकट. ते इथं एका खानावळवाल्याच्या उधारीच्या वहीतून आत शिरतं. आणि याच भित्र्या माणसाला लेखक पुढं जे करायला लावतो, त्याला मी धैर्य म्हणेन. क्रोकरही म्हणतो, त्याच्या पद्धतीनं.

प्रश्न : मी पुढचे खंडही वाचले. त्यांत काली देवीसारखी देवी, रुमालानं गळे आवळणारे, आणि चक्क नारायण सिंग नावाचं पात्र! हे आपल्या संस्कृतीचं विडंबन नाही का? मला राग आला. — एक वाचक, टोरांटो

उत्तर : राग समजू शकतो. मलाही पहिल्या वेळी पान उलटताना 'हा इथं कुठं आला' असं झालं.

बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. पहिले तीन खंड झाल्यावर कंपनी दक्षिणेकडं निघते आणि टॅग्लिओस नावाच्या देशात येते. तिथले धर्म, जाती, बाजार, गर्मी सगळं हिंदुस्थानच्या ओळखीचं. 'ड्रीम्स ऑफ स्टील' या 1990च्या खंडात 'डिसीव्हर्स' येतात. देवी कीना, हत्यार 'रुमेल', म्होरक्याला जमादार. म्हणजे उघड उघड ठग.

हे कुकनं स्वतः येऊन पाहिलेलं दिसत नाही, हे कंपनी सरकारच्या दप्तरातून आलेलं आहे. आपल्या नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या. 1830च्या दशकात स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांचे कबुलीजबाब जमवले, आणि 1839 साली मेडोज टेलरनं त्यावर कादंबरी लिहिली, ती विलायतेत तुफान खपली. हा टेलर निजामाच्या नोकरीतला, पुढं काही वर्षं नळदुर्गला अंमलदार होता. तुळजापूरच्या वाटेवर तो किल्ला लागतो, मी लहानपणापासून पाहतोय. तेव्हा अमेरिकेतल्या कादंबरीत जो रुमाल तुम्हाला दिसला तो असा नळदुर्गच्या एका साहेबाच्या टेबलावरून फिरत फिरत गेलाय. ठग म्हणजे देवीपायी खून करणारा एक गुप्त पंथ, हे चित्र साहेबांनी किती फुगवलं यावर इतिहासकारांत बरीच भांडणं आहेत. कबुलीजबाब माफीच्या साक्षीदारांचे होते हे विसरू नये.

माझं मत विचाराल तर विडंबन नाही, पण उसनवारी आहे, आणि तीही न तपासता केलेली. उत्तरेकडच्या शहरांत कुक आतून लिहितो, टॅग्लिओसमध्ये तो प्रवासी होतो. पूर्वी जी माणसं आळशी, भांडखोर, मायाळू अशी सगळ्या रंगांची होती, त्यांच्या जागी 'या धर्माचे असे, त्या जातीचे तसे' असले ठोकळे अधूनमधून येतात. नारायण सिंग मात्र ठोकळा नाही. हसतमुख, किडकिडीत, आपल्या श्रद्धेत ठाम, बाकीच्यांना राक्षस वाटणारा आणि स्वतःच्या नजरेत साधा भक्त. राग बाजूला ठेवून त्याच्यासाठी एकदा परत वाचा. नाही वाचलंत तरी पहिल्या तीन खंडांचं काही बिघडत नाही, ती गोष्ट तिथं पूर्ण होते.

प्रश्न : कुठला खंड आधी? इंग्रजी अवघड आहे का? — बँक कर्मचारी, लातूर

उत्तर : 'द ब्लॅक कंपनी', 'शॅडोज लिंगर', 'द व्हाइट रोझ' (1985), या क्रमानं. तिन्ही मिळून एक जाडजूड खंड 2007 साली निघाला, तो घेतलात तर स्वस्त पडतो. इंग्रजी सोपं. वाक्यं तुटक, आमच्या सिग्नलवाल्यांच्या तारेसारखी. डिक्शनरी शेजारी ठेवण्यापेक्षा कोण मेलं कोण जिवंत याची यादी ठेवा, ती लागेल.

प्रश्न : ही असली लष्करी फँटसी हल्ली बरीच निघते. मग याच पुस्तकाचं एवढं कौतुक का? — पत्र निनावी

उत्तर : नाव घालायला हरकत नव्हती, प्रश्न चांगला आहे. हल्ली निघते त्यातली बरीचशी याच घरातली लेकरं आहेत. मोठ्या मोठ्या मालिका लिहिणाऱ्या स्टीव्हन एरिक्सननं कुकचं ऋण उघडपणे मान्य केलंय. पण नंतरच्या अनेकांनी चिखल आणि शिव्या घेतल्या, विनोद तेवढा राहून गेला. पलटणीत विनोद नसेल तर माणूस आठ दिवसांत वेडा होईल. आणि दुसरं, जाडी. हल्ली एका खंडाची हजार पानं. कुकचा पहिला खंड तीनशेच्या आसपास आवरतो. जिथं दुसरा लेखक राजवाड्याच्या पडद्यांवर चार पानं घालवेल, तिथं क्रोकर म्हणतो बुरुज मोठा होता, मला भीती वाटली. तो त्या बाईला भेटायला जातो तेव्हाचा प्रसंग मात्र कुक घाईनं उरकत नाही. कंपनीतले लोक क्रोकरची थट्टा करत असतात, कारण त्यानं लेडीवर कधी न पाहताच शृंगारिक गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या बराकीत वाचल्या गेलेल्या असतात. आणि मग तीच बाई त्याला बोलावणं धाडते. कमरेत बळ नसलेला तो वैद्य त्या दरवाज्यातून आत जातो, तिथं मी पुस्तक मिटून व्हरांड्यात एक चक्कर मारली होती.

दोषही सांगतो. बायका कमी. लेडी आणि ती मुकी पोर डार्लिंग, या दोघी ठसठशीत, पण त्यांच्यापलीकडं फारसं कोणी नाही. भूगोल ढिला. काही लढाया इतक्या तुटक की कोण कुठून आलं ते दोनदा वाचावं लागतं.

प्रश्न : त्यात ते सारखे 'टॉन्क' खेळतात. हा खरा खेळ आहे का? आमच्या सोसायटीत शिकवता येईल का? — ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली

उत्तर : खरा आहे. अमेरिकेतला पत्त्यांचा डाव, रमीच्या जातीचा, बहुधा पाच पानांनी खेळतात. हातातल्या पानांची बेरीज कमी ठेवायची, आणि आपली सगळ्यांत कमी आहे असं वाटलं की ठोकायचं. चुकलात तर पैसे भरा. वन-आय दर वेळी फसवतो आणि दर वेळी हरतो. शिकवा जरूर, पण सोसायटीत पैसे लावू नका. आमच्या पलटणीत रमीच्या डावात एकानं माझ्याकडून एक महिन्याचा रमचा कोटा जिंकला होता. दर शनिवारी माझ्या समोर बसून, माझ्याकडं बघत, घोट घोट घेत प्यायचा. पाचव्या शनिवारी त्यानं रमचा मग माझ्याकडं सरकवला आणि पानं पिसायला घेतली.